चार पिढ्या आणि हजार पिढ्या

(पंडिता रमाबाईंच्या स्मृतिप्रीत्यर्थ मांडवगण फराटा येथे दिलेले व्याख्यान)



पंडिता रमाबाईंविषयी पुण्या-मुंबईच्या सभागृहांत पुष्कळ बोलले जाते. तिथे त्या संस्कृतच्या विदुषी असतात, सुधारक असतात, स्त्रियांच्या हक्कांसाठी सर्वांत आधी उभ्या राहिलेल्यांपैकी एक असतात. हे सगळे खरे आहे. पण आयुष्याचा अखेरचा, सर्वांत मोठ्या कामाचा काळ त्यांनी जिथे घालवला, ते केडगाव इथून नदीपलीकडे, दौंड तालुक्यात आहे. पुढे पंढरपूरला जी चंद्रभागा होते, तीच ही भीमा. तिच्या काठावर बसून रमाबाईंविषयी बोलायचे, तर त्यांच्या विद्वत्तेच्या आधी त्यांच्या विश्वासाविषयी बोलावे असे मला वाटले. म्हणून आजचा विषय मी असा निवडला आहे : देव आपली अभिवचने पिढ्यानपिढ्या पाळतो, या श्रद्धेचा नेमका अर्थ काय? आणि ती श्रद्धा या मातीत, या दुष्काळी पट्ट्यात, कोणी कशी जगून दाखवली?

इथे वारकरी घरांतली माणसे बसली आहेत. पणजोबांनी धरलेली वारी आजोबांनी चालवली, वडिलांनी चालवली आणि आता आपण चालवतो, हे ज्यांच्या घरात घडते, त्यांना पिढ्यांचा विश्वास म्हणजे काय ते मी सांगायला नको. तेव्हा ख्रिस्ती शास्त्राच्या आधी मी आपल्या मातीपासूनच सुरुवात करतो.

या भागात दीडशे वर्षांपूर्वी बापाकडून मुलाकडे हमखास काय येत असे? जमीन येई, पण तिच्यासोबत सावकाराचा कागद येई. आजोबांनी बैलासाठी घेतलेले पैसे बापाने फेडायला घेतले, व्याज मुद्दलात मिसळले, नवा रोखा झाला, आणि नातू अंगठा उठवायच्या वयाला आला तेव्हा मूळ रक्कम किती होती हे घरात कोणालाच सांगता येत नव्हते. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात, म्हणजे आजच्या दौंड-बारामती भागात, आणि मग शिरूर, इंदापूर, पुरंदर, तिकडे नगर जिल्ह्यात श्रीगोंदा, पारनेर, कर्जत इथवर ते लोण पसरले. त्या दंग्यांची सरकारने चौकशी केली. तीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा नोंदली गेली : लोकांना हवे होते ते कागद. रोखे, गहाणखते, हुकूमनामे. ते हाती आले की जाळायचे. जिथे सावकाराने मुकाट्याने कागद दिले, तिथे बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. पुढे १८७९ साली शेतकऱ्यांना काही संरक्षण देणारा कायदा झाला, त्याच्या मुळाशी हे दंगे होते.

मी हा इतिहास मुद्दाम सांगतो आहे. सुप्याच्या बाजारात पेटलेली आग हा माणसांनी विचारलेला एक प्रश्न होता : बापाचे देणे मुलाच्या, नातवाच्या मानेवर किती पिढ्या राहणार?

पवित्र शास्त्रात हाच प्रश्न आहे. दहा आज्ञा जिथे दिल्या आहेत, त्या निर्गमाच्या विसाव्या अध्यायात देव म्हणतो की वडिलांच्या अन्यायाची झळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचते. हे वाक्य ऐकून पुष्कळ लोक तिथेच थबकतात आणि देवाला कठोर म्हणतात. पण ते वाक्य तिथे संपत नाही. त्याच दमात पुढे दयेचा हिशेब येतो, आणि अनुवादाच्या सातव्या अध्यायात तो आकडा उघडपणे सांगितला आहे : हजार पिढ्या. एका बाजूला तीन-चार पिढ्या, दुसऱ्या बाजूला हजार. एका घरात एका वेळी साधारण तीन-चारच पिढ्या एकत्र नांदतात. पणजोबा ते पणतू. बापाने दारू धरली, जमीन घालवली, बायकोला मारले, तर त्याची झळ एका छपराखालच्या सगळ्यांना लागते. हे आपण डोळ्यांनी पाहतो. शास्त्र ते नाकारत नाही. पण देवाच्या निष्ठेला त्या छपराची मर्यादा नाही, असे ते सांगते. पुढे बाबेलच्या बंदिवासात लोक हताश होऊन म्हणू लागले की आंबट द्राक्षे खाल्ली बापांनी आणि दात आंबले आमचे. तेव्हा यहेज्केल संदेष्ट्याने आपल्या अठराव्या अध्यायात ही म्हण लोकांच्या तोंडून काढून घेतली. प्रत्येक जीव देवाचा आहे, बापाचाही आणि मुलाचाही. मुलाने बापाच्या पापाचा बोजा वाहायचा नाही. सुप्याच्या बाजारातल्या माणसांना हे कोणी वाचून दाखवायला हवे होते.

आता अभिवचनाकडे येऊ. शेतकऱ्यांच्या गावात अब्राहामाची गोष्ट सांगताना मला नेहमी त्याच्या जमिनीची आठवण येते. देवाने त्याला सगळा देश देण्याचे अभिवचन दिले होते. हातात काय आले? सारा वारली तेव्हा तिला पुरायलासुद्धा त्याची स्वतःची जागा नव्हती. हित्ती लोकांपुढे वाकून, भर वेशीत व्यवहार करून, चारशे शेकेल रुपे मोजून त्याने मकपेलाचे शेत आणि गुहा विकत घेतली. ज्याला देश कबूल केला होता, त्याच्या नावावर उभ्या आयुष्यात लागली ती स्मशानाएवढी जमीन, तीही रोख पैसे देऊन. इब्री लोकांस पत्राचा लेखक अकराव्या अध्यायात हे लपवत नाही. तो स्पष्ट सांगतो की हे सगळे लोक अभिवचनाची पूर्तता हाती न येता मेले. त्यांनी ती दुरून पाहिली आणि तिला नमस्कार केला. आपल्या प्रवचनांतून हा भाग फार घाईने आटोपला जातो. देव विश्वासू आहे म्हणजे माझ्या हयातीत माझे काम होईल, असा सोपा अर्थ आपण काढतो. शास्त्राने तो कधीच काढलेला नाही.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते मला सर्वांत प्रामाणिक वाटते. एकोणनव्वदावे स्तोत्र देवाच्या विश्वासूपणाच्या गाण्याने सुरू होते. दाविदाच्या वंशाला दिलेल्या कराराची ओळीमागून ओळ आठवण त्यात आहे. आणि मग मध्येच सूर फिरतो. कवी देवाला तोंडावर विचारतो : तू तर करार मोडलास. मुकुट धुळीत गेला, तट पडले, वाटसरू लुटून नेतात. कुठे गेली ती जुनी दया? या तक्रारीला स्तोत्रात उत्तर मिळत नाही. शेवटी एक स्तुतीचे वचन आहे, पण तक्रार पुसलेली नाही. जे लोक हे स्तोत्र मंदिरात मोठ्याने गात आले, त्यांच्या विश्वासाला मी मोठा मानतो. देवाच्या वचनावर ज्याचा खरोखर भरवसा आहे, तोच देवाकडे वचनाचा हिशेब मागू शकतो.

हे सगळे मनात धरून रमाबाईंकडे या.

२३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटात, गंगामूळ नावाच्या रानातल्या आश्रमात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे वैष्णव पंडित. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, त्यासाठी पंडितांच्या रोषाला तोंड दिले, पण मागे हटले नाहीत. मग त्या शिकलेल्या आईने पहाटे उठवून रमेला शिकवले. रमाबाईंची सुरुवातीची सगळी विद्या आईच्या तोंडून आली. हेही पिढ्यांचे देणेच आहे, आणि ते ख्रिस्ती घरातून आलेले नाही. ख्रिस्ती माणसांनी हे मोकळ्या मनाने मान्य करावे. अनंतशास्त्र्यांच्या धाडसावाचून रमाबाईंनी केडगावला काढलेले मुक्ती सदन उभे राहिले नसते.

हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थयात्रा करत हिंडत होते. १८७० च्या दशकाच्या मध्यात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा त्यांच्याजवळचे सगळे संपले. दागिने गेले, भांडी गेली. मजुरी करायची सवय नाही, भीक मागायची लाज. रानात अकरा दिवस पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्याचे रमाबाईंनी लिहून ठेवले आहे. त्या काळात वडील गेले. काही काळाने आई, मग बहीण. भाऊ श्रीनिवास आणि रमा दोघेच उरले, पायी हजारो मैल चालत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथे ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८० साली भाऊही गेला. विपिनबिहारी मेधावींशी लग्न झाले, मुलगी मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. चोविसावे वर्ष पुरे होण्याआधी माहेरच्या घरातली प्रत्येक व्यक्ती आणि नवरा त्यांनी गमावलेला होता.

वडिलांच्या शेवटच्या क्षणांविषयी रमाबाईंनी जे लिहिले आहे, ते मला आजच्या विषयाचे मूळ वाटते. वडील अशक्त, जवळजवळ अंध. त्यांनी धाकट्या मुलीला कवेत घेतले आणि सांगितले की मी तुला देवाच्या हाती सोपवले आहे. तू त्याची आहेस आणि जन्मभर त्याचीच सेवा कर. त्या वेळी त्यांच्या मनात त्यांचा वैष्णव देव होता, यात शंका नाही. पुढे ख्रिस्ती झाल्यावर रमाबाईंनी वडिलांची ती प्रार्थना टाकून दिली नाही. ती ऐकली गेली, असेच त्या मानत राहिल्या. मरणाऱ्या बापाने मुलीला देवाच्या हवाली केले आणि देवाने तिला खाली पडू दिले नाही. हे ऐकून इथे बसलेल्या हिंदू बांधवांना वाटेल की रमाबाईंनी वडिलांचा शब्द बदलला. काही ख्रिस्ती बांधवांना वाटेल की वडिलांच्या प्रार्थनेला त्यांनी नको इतके महत्त्व दिले. मला मात्र तिथे एक लेक दिसते. बापाने दिलेला शब्द देवाने कसा पाळला, हे ती आयुष्यभर शोधत राहिली.

पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली. १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चालवलेले काम पाहून त्या हलून गेल्या होत्या. हे लोक असे का करतात, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकायला मिळाली. बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी इंग्लंडच्या धर्मगुरूंपुढे मान तुकवली नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचा. शिष्येने गुरूशी किती निर्भयपणे वाद घालावा याचा तो धडा आहे.

इंग्लंडहून त्या अमेरिकेला गेल्या. १८८७ च्या डिसेंबरात तिथे बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. तिथल्या लोकांनी शब्द दिला : दहा वर्षे मदत करू. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन हे विधवा आणि मुलींच्या शिक्षणाचे घर उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. बोस्टनच्या लोकांनी शब्द पाळला, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. पण दहा वर्षे म्हणजे दहाच वर्षे. आणि पुण्यात दिलेले शब्द तितकेही टिकले नाहीत. १८९३ साली विद्यार्थिनी ख्रिस्ती धर्माकडे वळतात या मुद्द्यावर वादळ उठले, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात दोन्ही बाजूंना काही म्हणायचे होते आणि आज त्याचा निवाडा करण्याचा माझा हेतू नाही. एवढेच दाखवायचे आहे की माणसांच्या आधाराला मुदत असते, हे रमाबाई त्या वर्षांत अनुभवाने शिकल्या.

या अनुभवातून त्यांनी काय केले? केडगावला जमीन घेतली. विहिरी खणल्या, फळझाडे लावली. दहा वर्षांची मदत संपली की बागेच्या उत्पन्नावर काम चालावे, असा साधा विचार होता. मला हे फार महत्त्वाचे वाटते. देवावर भरवसा ठेवणारी ही बाई संत्र्याची झाडेही लावते, मोटेचे गणितही करते. ब्रिस्टलच्या अनाथालयाचे जॉर्ज म्युलर यांचे चरित्र त्यांनी वाचले होते. माणसांपुढे हात न पसरता देवाकडे मागायचे, हा त्यांचा मार्ग रमाबाईंनी पुढे पत्करला. पण मागणे देवाकडे होते म्हणून कष्ट कमी झाले नाहीत.

झाडे मोठी व्हायच्या आधी दुष्काळ आला. १८९६-९७ साली मध्य प्रांतातून उपासमारीच्या बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंनी लिहिले आहे की आधी त्यांचे पाऊल पुढे पडेना. दुष्काळ काय असतो हे त्यांच्या पोटाला ठाऊक होते. पण त्याच आठवणीने त्यांना उठवले. त्या गेल्या, तिथल्या छावण्या आणि अनाथगृहे पाहिली, तिथे पोरक्या मुलींवर काय ओढवत होते तेही पाहिले, आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे दिवस. शहरात इतक्या जणींना ठेवणे शक्य नव्हते. केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. २४ सप्टेंबर १८९८ रोजी मुक्ती सदनाचे समर्पण झाले. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरात-राजपुतान्यातून आणखी शेकडो आल्या आणि मुक्तीतली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. त्या उन्हाळ्यातील विहिरींविषयी जुन्या वृत्तांतांत एक नोंद आहे : रोज संध्याकाळी विहिरी उपसून कोरड्या पडत आणि सकाळी दिवसापुरते पाणी पुन्हा साचलेले असे. बहात्तरच्या दुष्काळात सुकडीवर दिवस काढलेली जी माणसे आज इथे आहेत, त्यांना त्या सकाळचे मोल मी समजावून सांगायला नको.

त्या मुलींचा विचार करा. पिढ्यानपिढ्यांची अभिवचने हे शब्द त्यांच्या कानांवर पडले तेव्हा त्यांना काय वाटले असेल? त्यांच्यामागे पिढीच नव्हती. बाप वाटेत मेला, आई छावणीत मेली, गाव कोणते ते सांगता येत नाही, आडनाव आठवत नाही. अब्राहाम, इसहाक, याकोब अशी सरळ वंशावळ ज्यांना ऐकवायची, त्या मुलींची वंशावळ दुष्काळाने मध्येच तोडली होती. मुक्तीने त्यांना विणकाम, शेती, दुग्धशाळा, तेलघाणा, छापखाना असे कामांमागून काम शिकवले. आंधळ्यांसाठी वेगळे घर, म्हाताऱ्यांसाठी वेगळे, आणि समाजाने ‘बिघडलेल्या’ म्हणून दूर केलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन. आणि त्यांना असे शिकवले की देवाची निष्ठा रक्तातून वाहत यावी लागत नाही. ज्याला बाप नाही त्याचा तो बाप आहे, हे अडुसष्टावे स्तोत्र सांगते. मुक्तीत त्या वचनाचा अर्थ जेवणाच्या पंगतीत कळत असे. १९०५ च्या आत्मिक जागृतीची हकिगत जगभर गेली आणि तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले. मी तिकडे जात नाही. मला रोजची ती पंगत अधिक बोलते.

आता या कथेतला सर्वांत अवघड भाग. मनोरमा अमेरिकेत शिकून आली होती, शारदा सदनाची जबाबदारी तिने उचलली होती, आईच्या नंतर सगळे काम तिने सांभाळायचे हे ठरलेलेच होते. २४ जुलै १९२१ रोजी ती गेली. चाळीस वर्षांची होती. आईच्या हयातीतच डोंगऱ्यांच्या त्या रानातल्या घराण्याचा शेवटचा धागा तुटला. रमाबाई तेव्हा म्हाताऱ्या, जवळजवळ बहिऱ्या, आणि हातात एक न संपलेले काम. हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून सगळे पवित्र शास्त्र खेड्यातल्या बाईलाही समजेल अशा सोप्या मराठीत आणायचे त्यांनी मनावर घेतले होते. मुक्तीच्या छापखान्यात मुलीच अक्षरे जुळवत. लेक गेल्यावरही त्या मुद्रिते तपासत राहिल्या. काम संपवण्यापुरते दिवस त्यांनी देवाकडे मागितले आणि ते मिळाले, अशी आठवण मुक्तीत सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. छापलेले शास्त्र पूर्ण होऊन बाहेर आले १९२४ साली. बांधून तयार झालेली प्रत त्यांच्या हाती कधी आली नाही.

इथे मी एकोणनव्वदाव्या स्तोत्राकडे परत जातो. देव पिढ्यानपिढ्या विश्वासू असेल, तर मनोरमा का गेली? याला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि ज्यांच्याजवळ चटकन उत्तर असते त्यांच्यापासून मी दूर राहतो. रमाबाईंच्या रक्ताचा वंश केडगावला उरला नाही. त्यांचे काम मात्र आज शंभर वर्षांनीही तिथे चालू आहे, आणि ते चालवले दुसऱ्यांच्या लेकींनी. छावणीतून उचलून आणलेली मुलगी पुढे शिक्षिका झाली, पवित्र शास्त्र घेऊन खेड्यापाड्यांत जाणारी सेविका झाली, आणि मग तिने आणखी कोणाच्या तरी टाकलेल्या मुलीला वाढवले. बापाने मरताना मुलीला देवाच्या हवाली केले; त्या मुलीने हजारो मुलींना देवाच्या हवाली केले; त्या मुलींनी पुढच्यांना. अभिवचन पुढे जाते ते या वाटेने. आपण वंशाच्या वाटेवर डोळे लावून बसतो आणि ते शेजारच्या दारातून पुढे गेलेले असते.

कधी ते घराच्या वाटेनेही जाते, हेही सांगितले पाहिजे. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे जग कोसळले. नंतर काही वर्षांनी त्याही ख्रिस्ती झाल्या, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, आपल्या मनाने. टिळकांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले आणि १९१९ साली ते गेले तेव्हा सुरुवातीचेच अध्याय झाले होते. ज्या लक्ष्मीबाईंना शाळा कधी मिळाली नाही, त्यांनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. १९३६ साली त्या गेल्या. मुलगा देवदत्त यांच्या हयातीत, १९३८ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. नवऱ्याने सुरू केले, बायकोने पुढे नेले, दोघांपैकी एकानेही छापलेले पुस्तक पाहिले नाही. मकपेलाच्या शेताशी याचे नाते आहे, असे मला वाटते.

पण पंडित आणि कवी यांच्याच कथा सांगून थांबलो, तर मी शिरूरच्या आणि नगरच्या मंडळ्यांवर अन्याय करीन. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून नगरला चालले, शिरूरला रिचर्ड विन्सर यांनी औद्योगिक शाळा काढली, १८४२ साली नगरला सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक आजही निघते. या कामाचा खरा भार महार आणि मांग घरांनी उचलला. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी नव्हते, त्यांनी ख्रिस्ताचे नाव घेतले आणि मुलांना शाळेत घातले. त्या नावाची किंमत त्यांच्या नातवंडांना आजही मोजावी लागते : १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या, पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध बांधव त्यांत आले, दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. तरीही ती मंडळी नाताळला घराला चुना देतात आणि रविवारी उपासनेला येतात. त्यांच्या विश्वासावर कोणी चरित्रे लिहिली नाहीत. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय आज लिहिला गेला असता, तर शिरूर तालुक्यातल्या एखाद्या आजीचे नाव त्यात आले असते, याविषयी मला शंका नाही.

आता आजचा प्रश्न. कार्यक्रमांनंतर आईबाप मला बाजूला घेऊन विचारतात : आमची मुले रांजणगावच्या एमआयडीसीत, चाकणला, पुण्यात आहेत. शिफ्टमध्ये रविवार जातो. देवळात येत नाहीत. पुढची पिढी टिकेल का? या चिंतेला मी कमी लेखत नाही. शास्ते या पुस्तकाच्या दुसऱ्याच अध्यायात लिहिले आहे की यहोशवाची पिढी गेली आणि देवाला न ओळखणारी पिढी उठली. एवढे समुद्र दुभंगलेले, एवढा मान्ना खाल्लेला, आणि एका पिढीत सगळे विसरले. विश्वास सातबाऱ्यावरच्या वारसनोंदीसारखा आपोआप मुलाच्या नावे चढत नाही. पण शास्ते या पुस्तकात त्याच्या पुढचेही वाचा. ती पिढी देवाला विसरली. देव त्या पिढीला विसरला नाही. ती संकटात सापडली की तो पुन्हा पुन्हा कोणाला तरी उभे करत राहिला, आणि ती माणसे बहुतेक अशी की ज्यांची नावे कोणी सुचवली नसती.

म्हणून आईबापांना मी दोन गोष्टी सांगतो. मुलांसाठी घाबरून प्रार्थना करू नका. अनंतशास्त्र्यांनी केली तशी करा, हात सोडून. आणि दुसरी गोष्ट, त्यांना सांगा. अठ्ठ्याहत्तरावे स्तोत्र हेच सांगते : आपल्या वाडवडिलांनी जे सांगितले ते येणाऱ्या पिढीपासून लपवून ठेवायचे नाही. आपण लपवले आहे. मुद्दाम नव्हे, लाजेने. आजी मिशनच्या शाळेत का आली, पणजोबा कोणत्या दुष्काळात पोरके झाले, घरातली कोणती बाई मुक्तीत वाढली, हे सांगायला आपण संकोचतो, कारण त्यात जात येते, उपासमार येते, कधी कोणाचे टाकून दिलेले पोर येते. पण त्या मुलींना ज्या देवाने उचलले, त्याचे नाव त्याच गोष्टीत आहे. गोष्ट गाळली की नाव गळते.

जुन्या देवळांत बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, दफनाच्या नोंदवह्या आहेत. काही कपाटांत आहेत, काही पाळकांच्या घरी पेट्यांत, काहींना वाळवी लागली आहे. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या तरुणांना माझी विनंती आहे की या पावसाळ्याच्या आत त्या वह्यांचे फोटो काढून घ्या. मग आपापल्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि वहीतले एकेक नाव वाचून दाखवा. ते काय सांगतील ते मोबाईलवर रेकॉर्ड करा, त्यांच्याच बोलीत, मध्ये न बोलता. ज्या नावापुढे गाव नाही, बापाचे नाव नाही, नुसते ‘दुष्काळातील अनाथ’ एवढेच लिहिले आहे, तेही वाचा. इथल्या मंडळीने एकत्र काम केले तर एका वर्षात या तालुक्यांचा असा संग्रह उभा राहू शकतो. अध्यक्षांनी परवानगी दिली तर कार्यक्रम संपल्यावर मी याच मांडवात थांबतो. ज्यांना या कामात यायचे आहे, त्यांनी आपल्या मंडळीचे नाव मला लिहून द्यावे.